शब्दचर्चा : ‘रॉयल्टी लाटणे’ की ‘बोगस खेपा’?

कृष्णाकाठ (सांगली)
भजनी मंडळं, शाहीर, धनगरी ओव्या गाणारे यांच्यासाठी एक माहितीपत्रक मराठीत करायचं आहे. विषय : ऑनलाइन गाण्यांच्या पैशातली लबाडी. बातम्यांत सरसकट ‘स्ट्रीमिंग घोटाळा’ छापतात. पण घोटाळा म्हणजे मुळात गोंधळ, तो चुकूनही होतो. इथं यंत्राकडून गाणं वाजवून घेऊन पैसे काढतात, त्यात चूक कसली? आपल्या ऊसपट्ट्यात ‘काटामारी’ लगेच कळेल. चालेल का?

घाटावरचा (कराड)
नाही चालणार, उलटा अर्थ होतो. काटा मारतात तेव्हा वजन कमी दाखवतात. इथं आकडा फुगवतात. आणि कोण नागवला जातो तेही वेगळं.

ऑनलाइन गाणी ऐकवणाऱ्या (स्पॉटिफायसारख्या) बहुतेक कंपन्या महिन्याचा पैसा एका ढिगात घालतात आणि एकूण किती वेळा गाणी वाजली त्या प्रमाणात वाटतात. सोपा हिशेब : ढीग १ लाख रुपयांचा, एकूण १० लाख वेळा गाणी वाजली. तुमचं १० हजार वेळा, म्हणजे तुम्हाला १,००० रुपये. आता कोणी अडीच लाख खोट्या वाजवण्या घुसवल्या. ढीग तेवढाच, भागणारे साडेबारा लाख. तुम्हाला ८०० मिळाले. कंपनीचं काही गेलं नाही, २०० रुपये तुमच्या ताटातले गेले.

त्यासाठी एकाच गाण्यावर लाखोंचा पाऊस पाडत नाहीत, तो लगेच डोळ्यावर येतो. अमेरिकेत सप्टेंबर २०२४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या एका संगीतकारावर आरोप ठेवले गेले. आरोपपत्रातला हिशेबच बघा : ५२ क्लाउड खाती, प्रत्येकात २० बॉट (आपोआप गाणी वाजवणारी खोटी खाती), म्हणजे १,०४० बनावट श्रोते. प्रत्येकाने दिवसाला ६३६ गाणी ‘ऐकायची’, म्हणजे दिवसाला ६,६१,४४०. एका वेळेला अर्धा सेंट धरला तरी वर्षाला बारा लाख डॉलर. हे सगळं हजारो गाण्यांवर पातळ पसरलेलं, म्हणून वर्षानुवर्षं चाललं. पुढं गाणीही एआयकडून करून घेतली.

मिरजेचा तंबोरा
मग ‘बोगस हजेरी’ म्हणा. मस्टरवर नाव आहे, कामावर माणूस नाही. पण थांबा, माझा शब्द मीच मागं घेतो. आमच्याकडं उरुसात दर्ग्यासमोर कलाकार ‘हजेरी लावतो’ म्हणजे गातो. गवई ‘बोगस हजेरी’चा अर्थ ‘खोटा गवई’ असा घेईल.

माणदेशी (आटपाडी)
आधी ‘रॉयल्टी’चंच बघा. आमच्याकडं रॉयल्टी म्हणजे वाळू-मुरमाची. “रॉयल्टी भरली का?” म्हणजे तहसीलची पावती फाडली का. ती आपण भरायची असते. गाण्याची रॉयल्टी मात्र आपल्याला येते. सरकारी मराठीत दोन्हीला ‘स्वामित्वधन’च म्हणतात, त्यामुळं तोही शब्द सोडवत नाही. पत्रकात प्रत्येक ठिकाणी ‘गाण्याची रॉयल्टी’ असं पूर्ण लिहा.

आणि याच धंद्यातला शब्द घ्या : खेप. एका पावतीवर चार खेपा मारणं कोणाला समजावून सांगावं लागत नाही. गाणं एकदा वाजलं की एक खेप. खोटी वाजवली ती बोगस खेप.

घाटावरचा (कराड)
खेप पटली. ‘स्ट्रीम’ला आत्तापर्यंत सुचवलेल्यांत हाच शब्द मोजता येतो. ‘श्रवण’ अनेकवचनात अडकतो, ‘ऐकणी’ कानाला बोचते. एक खुलासा जोडा : स्पॉटिफायवर ३० सेकंद वाजल्याशिवाय खेप धरत नाहीत. म्हणून बॉट ३० सेकंदांच्या थोडं पुढं जाऊन गाणं बदलतात. आणि २०२४ पासून मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० खेपा नसतील तर त्या गाण्याला तिथं पैसाच नाही.

मिरजेचा तंबोरा
पण सगळ्याला बोगस म्हणू नका. २००९ साली इंग्लंडमध्ये एक टोळी पकडली. त्यांनी स्वतःची १९ गाणी वितरकामार्फत (गायकाची गाणी अशा कंपन्यांकडं चढवून देणारा मधला) आयट्यून्स आणि ॲमेझॉनवर विक्रीला ठेवली आणि चोरीच्या क्रेडिट कार्डांवर स्वतःच विकत घेत राहिले. पोलिसांच्या तेव्हाच्या माहितीप्रमाणे साडेसात लाख डॉलरची खरेदी, रॉयल्टी तीन लाखांच्या आसपास. धंदा आतबट्ट्याचा वाटतो ना? साडेसात लाख त्यांचे नव्हतेच. इथं विक्री खरी, गाणी खरी, पैसा चोरीचा. याला साधं ‘चोरीच्या कार्डावरची खरेदी’ म्हणावं.

वाईकर
तिसरा प्रकार आपल्याकडच्या जुन्या लावणी-तमाशाच्या कॅसेटींना जास्त लागू : दुसऱ्याचं ध्वनिमुद्रण वितरकाकडं स्वतःच्या नावानं चढवायचं, मग यूट्यूबच्या कंटेंट आयडीवर (कोणाचं ध्वनिमुद्रण कुठं वाजलं ते आपोआप ओळखणारी यंत्रणा) हक्क सांगायचा. मूळ गायकाच्या चॅनेलवरच दावा येतो आणि जाहिरातीचा पैसा दावेदाराकडं वळतो. अमेरिकेत २०२१ मध्ये दोघांवर असा खटला भरला : ५० हजारांवर लॅटिन गाणी, दोन कोटी डॉलरच्या वर रक्कम. याला कोणी ‘तोतयेगिरी’ म्हणेल. पण भाऊसाहेबांचा तोतया स्वतःला भाऊसाहेब म्हणवत होता. हा इसम गायक असल्याचं सांगतच नाही, मालक असल्याचं सांगतो. म्हणून ‘परस्पर फेरफार’. सातबारा दुसऱ्याच्या नावावर झाल्यासारखंच आहे हे.

माणदेशी (आटपाडी)
जमलं! उपायही तोच : हरकत घ्या.

वाईकर
हो, ‘डिस्प्यूट’ला ‘हरकत’ फिट्ट बसतो. (गवयाच्या गळ्यातली हरकत निराळी, ती घ्यायला मुदत नसते.) यूट्यूबवर हरकत घेतल्यावर दावेदाराला उत्तराला ३० दिवस. दावा आल्यापासून ५ दिवसांत हरकत घेतली तर पहिल्या दिवसापासूनचा पैसा बाजूला राखून ठेवतात. उशीर केला तर हरकत घेतलेल्या दिवसापासूनचाच राखतात, मधला जातो. पत्रकात हे ठळक छापा. आणि मूळ ध्वनिमुद्रणाची फाईल, तारीख, करारपत्र आधीच एका जागी ठेवायला सांगा. पाच दिवसांत कॅसेट शोधत बसलात तर संपलं.

कृष्णाकाठ (सांगली)
आणि “एक लाख व्ह्यूज करून देतो, गाणं व्हायरल करतो” म्हणणाऱ्याला काय म्हणू? ‘भामटा’?

घाटावरचा (कराड)
‘भामटा’ टाळा. ते विमुक्त जातींच्या यादीतलं नाव आहे, शिवी म्हणून छापणं बरं नाही. ‘ठग’ हिंदीतून आलाय, आपला ‘ठक’ आहेच, ‘ठकास महाठक’मधला. मी ‘खेपा विकणारा’ लिहीन.

तो घेतो पैसे आणि पाठवतो बॉट. कंपनीला शंका आली की खेपा वजा होतात, रॉयल्टी थांबते, गाणंही उतरवलं जाऊ शकतं. स्पॉटिफाय २०२४ पासून उघड बोगस खेपांबद्दल वितरकाकडून दर गाण्यामागं दंड घेतं, आणि वितरक तो गायकाच्या खात्यातून वळता करू शकतो. म्हणजे बोगस खेपा दुसऱ्याच्या, दंड गायकाला. ओळखायचं कसं : आटपाडीच्या ओवीला अचानक परदेशातल्या एकाच शहरातून हजारो खेपा, ऐकणारे मोजके पण खेपा शेकड्यानं, गाणं जतन करणारा जवळजवळ कोणी नाही, आणि सगळं अनोळखी प्लेलिस्टवरून आलेलं. तसं दिसलं की त्याच दिवशी वितरकाला लेखी कळवायचं, त्या आकड्यांचे फोटो जोडून. पैसे घेऊन फसवलं असेल तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार.

मिरजेचा तंबोरा
या सगळ्याला मिळून क्रियापद ‘लाटणे’ घ्या. ‘हडपणे’त जबरदस्ती येते. ‘लाटणे’त हक्काचं नसलेलं गुपचूप पदरात पाडून घेणं येतं, आणि ते तिन्ही प्रकारांना लागू पडतं.

कृष्णाकाठ (सांगली)
मग शीर्षक : ‘गाण्याची रॉयल्टी लाटली कशी जाते’. आत तीन पोटभाग : बोगस खेपा, चोरीच्या कार्डावरची खरेदी, परस्पर फेरफार.

वाईकर
‘कशी लाटतात’ करा. ‘लाटली जाते’ म्हटलं की लाटणारा वाक्यातून निसटतो.

माणदेशी (आटपाडी)
आणि ‘खेप’ पहिल्यांदा येईल तिथं कंसात ‘एकदा वाजणे’ टाका. नाहीतर आमच्याकडं ट्रॅक्टर घेऊन येतील.