मराठवाड्यात उसावर बंदी घालावी का?

लातूरकर
एप्रिल २०१६. मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली त्या आठवड्यात आमच्या गल्लीत टँकरच्या नळीवरून हाणामारी व्हायची बाकी होती. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली, एका खेपेला २५ लाख लिटर. आणि त्याच्या आधीच्याच हिवाळ्यात जिल्ह्यातल्या काही कारखान्यांची धुराडी चालू होती. हे मला अजून पचलेलं नाही.

२०१९ मध्ये तेव्हाचे विभागीय आयुक्त सुनील केंद्रेकर यांनी सरकारला अहवाल दिला. मराठवाड्यात ऊस नको, कारखानेही नकोत, असं त्यात सरळ लिहिलं होतं. हिशोब असा: उसाला हेक्टरी १९६ लाख लिटर, म्हणजे विभागातल्या सव्वातीन लाख हेक्टरांच्या आसपासच्या उसाला २१७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी. जायकवाडी धरणाचा, म्हणजे नाथसागराचा, जिवंत (वापरता येणारा) साठा ७७ टीएमसीच्या आत आहे. जवळपास तीन नाथसागर नुसते उसात! त्यावर काय झालं? दोन-तीन वर्षं पाऊस बरा झाला आणि ऊस आणखी वाढला. २०२१-२२ चा हंगाम जूनपर्यंत लांबला, उभा ऊस तोडायला टोळ्या मिळेनात, शेवटी उशिरा गाळलेल्या उसाला सरकारनं टनाला २०० रुपये अनुदान दिलं. म्हणजे आपल्या करातून.

माझं मत: धरणांच्या लाभक्षेत्रात तरी बंदी घाला.

गोदाकाठ
तुमची रेल्वे आम्हालाबी आठवती. आता आमचं ऐका. २०२४ च्या दिवाळीत सोयाबीन घेऊन हमीभाव केंद्रावर गेलो. ओलावा १४ निघाला. १२ च्या वर घेत नाहीत म्हणले, माल वापस. मुलीच्या फीचे पैसे भरायचे होते, मोंढ्यात चार हजारानं देऊन मोकळा झालो. हमीभाव होता ४,८९२. पंधरा दिवसांत सरकारनं अट १५ टक्क्यांवर नेली. तवर माझं सोयाबीन व्यापाऱ्याच्या गोदामात.

२०२५ च्या सप्टेंबरात पुराचं पाणी आलं. सोयाबीन शेंगांसकट सडलं. शेजारच्या वावरातला ऊस आडवा झाला, पण मेला नाही. यंदा लागण केली म्या. घाला बंदी.

नगरी पाहुणा
ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीसाठी ८.६ टीएमसी सोडायचा आदेश निघाला. वरच्या-खालच्या धरणांत पाण्याचं समन्यायी वाटप म्हणे. आम्ही तेव्हाच विचारत होतो, हे पाणी प्यायला की उसाला? वरच्या दोघांनी उत्तर दिलंच.

लातूरकर
@नगरी पाहुणा, प्रवरेच्या खोऱ्यात काय हुलगे पिकतात? पहिला सहकारी साखर कारखाना १९५० साली तुमच्याच प्रवरानगरला निघाला. आणि समन्यायी वाटप हा २००५ च्या कायद्यातला हक्क आहे, पाहुणचार नाही. खाली काय पिकतंय हे बघून वरच्यांनी दरवाजे उघडायचे, असं त्यात कुठंही लिहिलेलं नाही. पण तुमच्या टोमण्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच मी हा विषय काढला. उद्या कोर्टात हाच प्रश्न आला तर आपण काय तोंडानं उभं राहायचं?

टेलचा माणूस
आमचं गाव कालव्याच्या वितरिकेच्या शेवटाला. पाण्याचं आवर्तन सुटलं की वरच्या गावांच्या मोटारी कालव्यात. आमच्या चारीत येतो तो फक्त पाला. बंदीला पाठिंबा.

जुना कालवेवाला
नोकरीची तीस वर्षं पाटबंधाऱ्यात काढली, म्हणून दोन शब्द. २१७ हा आकडा सगळे भाषणात फेकतात, पण तो पिकाच्या गरजेचा गुणाकार आहे, मोजलेलं पाणी नाही. हेक्टरवर ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर तेच ७० लाख लिटर होतात. त्यातलं बरंच वाहून जातं हे मान्य, पण काही तरी पिकाला लागू पडतंच ना? शिवाय आपल्याकडचा पुष्कळ ऊस कालव्यावर नाही, विहिरी-बोअरवर आहे. लाभक्षेत्रात बंदी घातली तर तो आपोआप सुटला. आणि कालव्यावर कोण किती उचलतं हे कुणी मोजतच नाही. पाणीपट्टी अजून हेक्टरावर आणि पिकावर आकारतात. कागदावर ज्वारी, रानात ऊस, हे मी स्वतः पंचनाम्यात पाहिलंय. सही करायला कोण तयार होतो ते विचारू नका.

लातूरकर
बोअरचं पाणी काय पाकिस्तानातून येतं का काका? शेजाऱ्याच्या विहिरीतूनच ओढलेलं असतं.

जुना कालवेवाला
तेच म्हणतोय. मग बंदी बोअरवर घाला. बघू कोणता आमदार बोलतो. ज्याच्या नावापुढं आमदार त्याच्याच नावामागं चेअरमन, अशी इकडची रीत.

पाटोद्याची लेक
सगळी चर्चा बागायतदाराची चाललीय. आमच्या बालाघाटावर ऊस नाही, कोयता आहे. दसरा झाला की अर्धं गाव मुकादमाच्या उचलीवर (आगाऊ पैशावर) ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातं. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याची बातमी आली आणि २०१९ ला चौकशी समिती नेमावी लागली, ते आठवतंय का कुणाला? मराठवाड्यात ऊस बंद झाला तरी आमचा कोयता सुटत नाही, फक्त गाडी आणखी लांब जाते. बंदीच्या बाजूची नाही, विरोधातलीही नाही. पण पाण्याचा हिशोब करताना आमच्या वाट्याला किती थेंब, ते कुणी काढलेलं दिसत नाही.

गोदाकाठ
ताईचं खरं हाय.

लातूरकर
ताई, हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. आणि काकांचा आकड्यांवरचा आक्षेपही मान्य, २१७ यापुढे जपून वापरीन. एवढं मात्र धरून आहे: नवे कारखाने आणि वाढीव गाळप क्षमता मराठवाड्यात थांबवा. दोन कारखान्यांत २५ किलोमीटरचं हवाई अंतर बघतात, धरणात पाणी किती ते कुणी बघत नाही. कारखाना उभा राहिला की पाच वर्षांत त्याच्याभोवती ऊस येतोच.

गोदाकाठ
हां, हे चालंल. पण त्याआधी सोयाबीन, तूर उसावानी घ्या. उसाची एफआरपी, म्हंजी सरकारनं ठरवलेला कमीत कमी भाव, २०२५-२६ ला १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३,५५० होती, चौदा दिवसांत द्यायचा कायदा. कारखाना उशीर करतो, काटा मारतो, तोडणी-वाहतूक कापतो, पण मोर्चा न्यायला एक गेट तर असतं. सोयाबीनचा हमीभाव २०२५-२६ ला ५,३२८ झाला, तो मागायला कोणाच्या दारात बसू?

जुना कालवेवाला
२०१७ ला मंत्रिमंडळानं उसाला ठिबक सक्तीचं करायचं ठरवलं होतं. तुमच्याकडं आहे का ठिबक?

गोदाकाठ
हाय. लाईट रातच्याला येती, फिल्टर कोण धुणार? मोकळंच सोडतो पाणी.