८ इंची दुर्बिणीने ‘नववा ग्रह’: ब्लिंकसाठी दोन फोटोंत किती अंतर ठेवायचं?

मृगशीर्ष_८
८ इंची न्यूटोनियन (एफ/५, फोकल लेंग्थ १००० मिमी), ३.७६ मायक्रॉन पिक्सेलचा कूल्ड कॅमेरा. लघुग्रहांसाठी अर्ध्या तासाच्या अंतराने फोटो घेऊन ब्लिंक करतात (दोन फोटो आलटून पालटून दाखवून काय हललं ते बघतात), तीच पद्धत नेपच्यूनपलीकडच्या ‘नवव्या ग्रहा’ला चालेल का? आणि तो या दुर्बिणीत दिसेल तरी का?

ध्रुवमत्स्य
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही दिसणार. खगोलशास्त्रज्ञ बॅटिगिन आणि ब्राऊन यांनी २०१६ मध्ये हा ग्रह गणिताने मांडला. २०२४ पर्यंत पॅन-स्टार्स या आकाश सर्वेक्षणाचा डेटा चाळून झाला आणि शक्य कक्षांपैकी साधारण ७८ टक्के बाद झाल्या. उरलेल्यांत ग्रहाची प्रत (तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितकी वस्तू अंधुक) २२ च्या आसपास निघते. तुमच्या दुर्बिणीला अंधाऱ्या जागी तासाभराच्या स्टॅकिंगने (अनेक फोटो एकावर एक रचून) १९.५ मिळाली तरी खूप. अडीच प्रतींचा फरक म्हणजे प्रकाश दहापट कमी, आणि आकाशाच्या उजेडाशी झगडायचं असल्यामुळे वेळ शंभरपट. शंभर तास म्हणजे पंधरा-वीस रात्री, आणि तेवढ्यात ग्रह जागेवर थांबत नाही.

अंतराचा मारही दुहेरी असतो. सूर्यप्रकाश जाताना विरळ होतो, परत येताना पुन्हा होतो. अंतर दुप्पट केलं की तेज सोळावा हिस्सा उरतं.

आता ब्लिंक. प्रतियुतीच्या वेळी (वस्तू आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असताना) मुख्य पट्ट्यातला लघुग्रह तासाला ३०-४० विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतो, प्लूटो ३.६, आणि ५०० खगोलीय एककांवरचा (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) ग्रह फक्त ०.२८. तुमचा एक पिक्सेल ०.७८ विकलांचा. अर्ध्या तासात लघुग्रह २० पिक्सेल पळेल, हा ग्रह पाव पिक्सेलही नाही. त्यामुळे एका रात्रीचे सगळे फोटो मिळून एकच स्टॅक करा, आणि ब्लिंक करा दुसऱ्या रात्रीच्या स्टॅकशी. चोवीस तासांत ६.८ विकला, म्हणजे जेमतेम ९ पिक्सेल. तिसरी रात्र आठवड्याने घ्या.

वक्री_मंगळ
वरच्या हिशोबात ‘प्रतियुती’ हा शब्द कळीचा आहे. हे सरकणं ग्रहाचं नव्हे, पृथ्वीचं. ५०० एककांवरच्या ग्रहाला एका फेरीला ११,००० वर्षं लागतात, वर्षात तो स्वतः दोन कला (एक कला म्हणजे ६० विकला) चालतो. पराशयाने (पृथ्वी जागा बदलते म्हणून) मात्र सहा महिन्यांत १४ कला इकडून तिकडे झुलतो. प्रतियुती सोडून भलत्या वेळी फोटो घेतलेत, तर स्तंभी (आकाशात थबकल्यासारखा) होऊ घातलेला साधा लघुग्रहही इतकाच सावकाश दिसतो आणि फसवतो. आठवड्यानंतरची रात्र त्यासाठीच: तेवढ्यात स्तंभी लघुग्रहाचा वेग बदललेला असतो, दूरच्या ग्रहाचा जवळपास तसाच राहतो. शिवाय प्रत्येक संशयित ठिपका आधी मायनर प्लॅनेट सेंटरच्या एमपीचेकरमध्ये (त्या जागी ओळखीचा लघुग्रह आहे का ते सांगणारं ऑनलाइन साधन) घालून बघा.

ग्रह आहेच, हे मात्र गृहीत धरू नका. नेपच्यूनपलीकडच्या दूरच्या वस्तूंच्या कक्षा एका बाजूला झुकलेल्या दिसतात, तो ग्रहाच्या ओढीचा परिणाम, हा सगळ्याचा पाया. अशाच वस्तू शोधणाऱ्या ओसॉस सर्वेक्षणाला आपल्या वस्तूंत तसा झुकाव सापडला नाही. आपण आकाश कुठे आणि कधी बघतो, त्यावरही असं चित्र उमटतं. २०२५ मध्ये जाहीर झालेली २०१७ ओएफ २०१ ही वस्तूही त्या घोळक्यात बसत नाही. त्याच वर्षी आयरास (१९८३) आणि आकारी (२००६) या अवकाश दुर्बिणींच्या अवरक्त नोंदींतून ठिपक्यांची एक जोडी पुढे आली. पण दोन ठिपक्यांवरून कक्षा ठरत नाही, आणि ब्राऊन यांच्या हिशोबाने ती वस्तू खरी असलीच तर तिच्या कक्षेचा कल १२० अंशांच्या आसपास पडतो, मांडलेल्या ग्रहाच्या कक्षेपेक्षा पार वेगळा. म्हणजे तो हा ग्रह नव्हेच.

मृगशीर्ष_८
मग या सामग्रीने सराव कशावर करायचा?

ध्रुवमत्स्य
प्लूटोवर. प्रत साधारण १४.४, म्हणजे ६० सेकंदांच्या फोटोतही येतो. त्याची प्रतियुती जुलैअखेरीस, आपल्याकडे ऐन पावसात, ती सोडूनच द्या. ऑक्टोबरच्या मध्यात तो स्तंभी असतो, तेव्हाही हलताना दिसणार नाही. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात संध्याकाळी नैऋत्येला मकर राशीत गाठा. दिवसाला एका कलेहून थोडं जास्त, तुमच्या कॅमेऱ्यात ८०-१०० पिक्सेल सरकेल. ते जमलं की टायको ट्रॅकर या सॉफ्टवेअरमध्ये वेग आणि दिशा देऊन फोटो सरकवत स्टॅक करायला शिका. अंधुक वस्तूंसाठी तोच मार्ग आहे. खरा ग्रह बहुधा चिलीतल्या रुबिन वेधशाळेच्या पदरात पडेल, ८.४ मीटरचा आरसा, एकाच फोटोत २४.५ प्रत.

वक्री_मंगळ
एक खोड सांगून ठेवतो. दुसऱ्या रात्री दुर्बीण तंतोतंत त्याच जागी लागत नाही, ५-१० पिक्सेल इकडेतिकडे होतेच. सॉफ्टवेअर तारे जुळवतं, पण सेन्सरवरचे हॉट पिक्सेल (प्रकाश नसतानाही चमकणारे) मागे राहतात आणि ५-१० पिक्सेल ‘सरकलेले’ दिसतात. हवा असलेला वेग नेमका तेवढाच! म्हणून दर फोटोनंतर माउंट १०-१५ पिक्सेल हलवा, दिशा दरवेळी वेगळी, आणि स्टॅक करताना सिग्मा क्लिपिंग (बाकी फोटोंशी न जुळणारे ठिपके वगळणं) लावा. शंका उरलीच तर दुसऱ्या रात्री कॅमेरा १८० अंश फिरवून लावा. फ्लॅट (डाग-सावल्या काढण्यासाठीचे एकसारख्या उजेडाचे फोटो) मात्र त्याच स्थितीत नव्याने घ्यावे लागतील.