मदत हवी आहे (अर्जंट): एफएम स्टेशनवर रोटेशनमधे गाणी किती ठेवावी?

पऱ्हाटीवाला
नमस्कार मंडळी. घाई आहे म्हणून सरळ विचारतो. आमच्या स्टेशनवर सध्या १८०० गाणी रोटेशनमधे, म्हणजे आलटून पालटून वाजणाऱ्या यादीत, आहेत. वरून निरोप आला का पुढच्या महिन्यापासून २०० करा, म्हणे कुठंही पहा, कमी गाणी वाजवणारं स्टेशनच जास्त ऐकल्या जाते. मले हे पटून नाही राहिलं. आत्ताच लोकं फोन करून विचारतात का तेच तेच गाणं काहून लावता. १८०० असताना ही तक्रार तं २०० वर काय होईन? शुक्रवारी मिटिंग आहे, ठोस काहीतरी घेऊन जायचं आहे. लहान यादीनं ऐकणारे वाढतात का कमी होतात, ज्याले माहीत असन त्यानं आकड्यानिशी सांगा. आपापली आवडती गाणी नका लिहू, थे लागत नाहीत.

काळीपिवळी
कोणतं स्टेशन भाऊ? कम्युनिटी का प्रायव्हेट? कुठलं गाव? दिवसभर चालते का सकाळ-संध्याकाळ? एवढं न सांगता कोण काय सांगन.

रोटेशनराव
मी नागपूरला एका प्रायव्हेट एफएमच्या म्युझिक डिपार्टमेंटमध्ये होतो, आता दुसऱ्या क्षेत्रात आहे. तुमच्या वरच्यांचं म्हणणं हवेतलं नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत ओमाहाला टॉड स्टोर्झ नावाच्या माणसाने आपल्या स्टेशनवर हे केलं. हॉटेलातल्या ज्यूकबॉक्समध्ये इतकी गाणी असतात तरी लोक पैसे टाकून त्याच चारदोन गाण्यांवर बोट ठेवतात, हे पाहून सुचलं असं सांगतात. तिथून टॉप फॉर्टी, म्हणजे चाळीसेक लोकप्रिय गाणीच फिरवत राहणं, आलं. पुढे १९६५ मध्ये लॉस एंजेलिसच्या केएचजे स्टेशनवर बिल ड्रेकने यादी अजून आवळली, ३० गाण्यांचा तक्ता, बडबड कमी, आणि थोड्याच महिन्यांत स्टेशन शहरात वर आलं. कारण साधं आहे. माणूस रेडिओ लावतो तेव्हा वीस मिनिटं, अर्धा तास ऐकतो. त्या अर्ध्या तासात त्याला ओळखीचं, आवडीचं गाणं सापडलं पाहिजे, नाहीतर बटण फिरवतो. १८०० गाण्यांत हजारभर तरी अशी असतील जी कोणालाच फार आवडत नाहीत. २०० थोडी कमी आहेत, पण ३०० ते ४०० वर या. मी अनुभवाने सांगतो.

टेलर_मास्तर_आर्वी
रोटेशनराव साहेब, अर्धा तास ऐकणारा तुमचा नागपुरातला कारवाला. माझ्या दुकानात सकाळी मशीन सुरू झाली का रेडिओ सुरू, आणि कुलूप लावेपर्यंत बंद होत नाही. माझ्या बाजूचा सलूनवाला तसाच, समोरचा पानठेला तसाच. आम्हाले ३०० गाणी म्हणजे एक दिवसाआड तेच. मले तं गाण्याच्या आधीचं म्युझिकही पाठ झालं आहे. लहान यादी शहरात चालवा, इकडे नका आणू.

फर्माईशकाका
मास्तरांशी सहमत. मुळात यादी वगैरे ठरवणारे तुम्ही कोण, ऐकणाऱ्याला विचारा. आमच्या काळी गावोगावी रेडिओ श्रोता संघ होते, पोस्टकार्डावर पन्नास नावं लिहून पाठवायचो, नाव वाचलं गेलं की आठवडाभर गावात त्याचीच चर्चा. विविध भारतीने कधी २०० गाण्यांवर दिवस काढला नाही, आणि ३ ऑक्टोबर १९५७ पासून चालू आहे. आपण फर्माईशचा कार्यक्रम वाढवावा, यादीचा प्रश्न आपोआप सुटेल.

रोटेशनराव
काका, विविध भारती सरकारी. तिला जाहिरातीवर पगार काढायचे नसतात. इथे कमर्शियल स्टेशनचा प्रश्न आहे.

फर्माईशकाका
असं कसं म्हणता? विविध भारतीवर जाहिराती १ नोव्हेंबर १९६७ ला सुरू झाल्या आणि त्या मुंबई, पुणे आणि आपल्या नागपूरवरून. आकाशवाणीवरच्या जाहिराती सगळ्यात आधी ऐकणाऱ्यांत नागपूरकर आहेत. आणि त्याच्याही आधी बिनाका गीतमाला होती, १९५२ पासून, रेडिओ सिलोनवर. अमीन सयानी. तो तर निव्वळ जाहिरातीवरचा कार्यक्रम.

रोटेशनराव
गीतमालेचं नाव तुम्हीच काढलं ते बरं झालं. आठवड्याला मोजकी गाणी, तीच वर-खाली, काही गाणी तर कित्येक आठवडे. आणि अख्खा देश बुधवारी कान लावून बसायचा. म्हणजे मोजक्या, आवडत्या गाण्यांचाच विजय ना?

फर्माईशकाका
तो आठवड्यातून एकदा होता हो. रोज बारा तास नव्हता.

डिजिटल_दर्यापूर
भाऊ रेडिओचा जमाना संपला. यादी २०० ठेवा का २००० ठेवा, पोट्टे यूट्यूबवर स्वतःचं लावतात. तुम्ही ॲप काढा, त्यात ज्याले जे पाहिजे थे.

कापूस_वेचणी
दर्यापूरवाले दादा, आमच्या वावरात टॉवरच येत नाही तं ॲप कुठून चालन. वेचणीले बाया जातात त्यांच्यापैकी एकीजवळ छोटा रेडिओ असते, ओटीत बांधून, अन् सगळ्या ओळीले ऐकू जाते. रात्रीच्या लाईनीत ओलित करतो तेव्हा मोटरपाशी बसून मीही रेडिओच ऐकतो. रात्री एक वाजता कोणी नवीन गाणं शोधत बसत नाही, सोबत पाहिजे असते. पण आमच्याकडचं स्टेशन बारालेच बंद होते, त्यानंतर आकाशवाणी लावतो.

सोयाबीन_मंगरूळ
एक विचारायचं होतं, आमच्या गावात स्वतःचं स्टेशन टाकायचं असन तं किती खर्च येते? लायसन कुठं भेटते? आमच्या गटाजवळ जागा आहे.

काळीपिवळी
थे कम्युनिटी रेडिओ झालं, वेगळा विषय आहे. २००६ च्या धोरणात संस्था, कृषी विज्ञान केंद्र, कॉलेज यांना परवानगी भेटते, एकट्या माणसाले नाही, अन् ट्रान्समीटर लहान असते. वेगळा धागा काढा. पऱ्हाटीवाले भाऊ, तुम्ही अजून माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही.

पऱ्हाटीवाला
प्रायव्हेट आहे, जिल्ह्याच्या गावी, नाव नाही सांगत, नोकरी आहे. सकाळी ६ ते रात्री १२. तासाले १२ गाणी, बाकी जाहिराती अन् आरजे. ऐकणारे निम्मे शहरातले, निम्मे आजूबाजूच्या खेड्यातले, आमचा टॉवर जिथपर्यंत जाते तिथपर्यंत. आणखी काय पाहिजे? आणि वरचे असंही म्हणून राहिले का यादी लहान केली तं गाण्यांच्या लायसनचा खर्च वाचन. हे खरं आहे का?

रोटेशनराव
लायसनचं ते तसं नाही. पूर्वी म्युझिक कंपन्या तासाच्या हिशोबाने पैसे घ्यायच्या, किती तास गाणी वाजली त्यावर. ऑगस्ट २०१० मध्ये कॉपीराइट बोर्डाचा निकाल आला तेव्हा जाहिरातीच्या निव्वळ उत्पन्नाचे २ टक्के असा हिशोब लावला गेला. दोन्हींत लायब्ररीत किती गाणी आहेत याचा संबंध नव्हता. २०० गाणी फिरवा का १८००, तास तेवढेच. तो मुद्दा मिटिंगमध्ये घेऊ देऊ नका. आता महत्त्वाचं सांगा. १२ पैकी नवीन गाणी किती? नव्यांची वेगळी कॅटेगरी आहे का? लोक फोन करतात ते नक्की कोणत्या गाण्याबद्दल बोलतात?

झाडीपट्टी_प्रेमी
मी तर म्हणतो सगळ्यात आधी ही हिंदी यादीच निम्मी करा. आमच्या भागात झाडीपट्टी नाटकाची गाणी, दंडार, राष्ट्रसंतांची खंजिरीभजनं, एप्रिलमध्ये भीमगीतं, यातलं काय वाजते कोणत्या प्रायव्हेट स्टेशनवर? लोकं रात्रभर थंडीत बसून नाटक पाहतात, तिकीट काढून. त्यांच्यासाठी एक तास काढा अन् मग पहा ऐकणारे वाढतात का नाही.

रोटेशनराव
हे चांगलं आहे, पण त्यासाठी वेगळा तास लागेल. रोटेशनमध्ये मिसळलं तर दोन्हीकडचे ऐकणारे नाराज होतील.

झाडीपट्टी_प्रेमी
दरवेळी आमच्या गाण्याले वेगळा तासच काहून? पोळ्याच्या दिवशी झडत्या लावा, बैल सजवताना प्रत्येक गोठ्यात तुमचंच स्टेशन सुरू राहीन.

पऱ्हाटीवाला
रोटेशनराव, लॉग काढून पाहिला. तासाले ४ नवीन, ८ जुनी. नवीनच्या खान्यात ८ गाणी आहेत. जुनीच्या खान्यात बाकी सगळी, एकाच ढिगात. तक्रार बहुतेक नवीन गाण्यांचीच आहे. एक बाई तं म्हणाल्या का मुलाचा डबा भरताना रोज तेच गाणं लागते. पण सॉफ्टवेअर आपोआप लावते, आम्ही हातानं नाही लावत.

रोटेशनराव
बाईंनी तुमचा प्रश्न सोडवला. आता कागद घ्या.

तुम्ही १८ तास चालवता, तासाला ४ नवीन, म्हणजे दिवसाला ७२ जागा. गाणी ८. प्रत्येक गाणं दर दोन तासांनी, दिवसातून ९ वेळा. आणि ७२ ला ८ ने पूर्ण भाग जातो, म्हणून चक्र रोज सकाळी सहाला जिथून सुरू झालं तिथूनच दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू होतं. डबा भरताना कालचं गाणं, परवाचंही तेच. लोकांची दिनचर्या घड्याळावर चालते, त्यामुळे त्यांना हे लगेच कळतं. गाणी ९ कराल तर वाटेल सुटलो, पण ७२ ला ९ नेही भाग जातो, तेच होईल. ११ करा. मग एक गाणं पावणेतीन तासांनी येईल आणि रोज वेळ सरकेल. आणि नियम लावा की एकाच गायकाचं दुसरं गाणं तासाभरात येणार नाही. आठ नव्यांत चार अरिजित सिंगची असतील तर ऐकणाऱ्याला एकच गाणं दिवसभर चालू आहे असं वाटतं.

आता जुनी. ८ जागा गुणिले १८ तास म्हणजे दिवसाला १४४. ढीग १८०० चा. एका गाण्याचा नंबर साडेबारा दिवसांनी लागतो. म्हणजे ज्या गाण्यावर अख्खा जिल्हा आवाज वाढवतो ते महिन्यातून जेमतेम दोनदा, आणि ज्याला कोणी ओळखत नाही तेही तेवढंच. नवीन अति होतात आणि आवडीची जुनी हाती लागत नाहीत. यादी मोठी असून लोक कंटाळले आहेत ते यामुळे.

टेलर_मास्तर_आर्वी
हे बरोबर पकडलं. मले जे नको थे दिवसातून चारदा, अन् जे पाहिजे त्याची वाट पाहण्यात महिना जाते.

काळीपिवळी
म्हणजे १८०० का २०० हा प्रश्नच अर्धवट आहे. कोणतं गाणं किती वेळानं परत येते थे पाहिलं पाहिजे.

रोटेशनराव
हो, तरी यादीचा आकार अगदीच बिनमहत्त्वाचा नाही. २००० नंतर कॅनडा-अमेरिकेत जॅक एफएम नावाचा प्रकार निघाला, हजाराच्या वर गाणी, सगळं मिसळून. काही शहरांत चांगला चालला. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूसीबीएस-एफएमने जून २००५ मध्ये जुन्या गाण्यांचं आपलं जमलेलं स्टेशन बंद करून तो आणला, ऐकणारे नाराज झाले, आणि जुलै २००७ मध्ये पुन्हा जुन्या गाण्यांवर यावं लागलं. नुसती यादी वाढवून लोक येत नाहीत आणि नुसती कापूनही येत नाहीत. मास्तरांचा मुद्दा मात्र मी मान्य करतो, दिवसभर ऐकणारे जिथे जास्त तिथे ३०० फार घट्ट होईल.

माझा सल्ला: ढिगातून अडीचशे हमखास गाणी काढा, तासाला ५ जागा त्यांना द्या. दिवसाला ९० होतात, म्हणजे एक गाणं साधारण पावणेतीन दिवसांनी. उरलेल्यातून पाचशे बरी गाणी, तासाला ३ जागा, ती नऊ-साडेनऊ दिवसांनी येतील. बाकीची हजारेक रोटेशनमधून काढा, पण डिलीट करू नका, फर्माईशला आणि रात्री १० ते १२ ला वापरा.

पऱ्हाटीवाला
हे समजलं. पण हमखास अडीचशे कोणती थे कोण ठरवन? वरचे म्हणतीन आम्ही ठरवतो, आरजे म्हणतीन आम्ही.

रोटेशनराव
दोघांनीही नको. स्टेशनमधला माणूस दिवसभर गाणी ऐकून विटलेला असतो, त्याला कंटाळा येतो तेव्हा ऐकणाऱ्याला गाणं नुकतं ओळखीचं झालेलं असतं. मोठ्या स्टेशनांवर हॉलमध्ये लोक बसवून पाचसहाशे गाण्यांचे आठ-दहा सेकंदांचे तुकडे ऐकवतात. तुम्ही मोबाईलवर करा. गाण्याचा सगळ्यात ओळखीचा तुकडा ऐकवा आणि तीनच प्रश्न विचारा: ओळखता का, आवडते का, ऐकून कंटाळलात का. बाजाराच्या दिवशी जा, बसस्टँडवर जा, जिनिंगवर जा, वेचणीच्या बायांनाही विचारा. फोन करणाऱ्यांवर अवलंबून राहू नका, फोन करणारे तेच ते असतात. रेटिंगची वाट पाहायची सोय नाही, २००७ ला सुरू झालेलं रॅम नावाचं रेडिओ रेटिंग मुंबई, दिल्ली, बंगळुरू, कोलकाता या चारच शहरांपुरतं होतं. विदर्भातलं कोणतं स्टेशन लोकप्रिय हे तुम्हालाच चौकात उभं राहून मोजावं लागेल. दुकानांतून चालत जा आणि कोणाच्या रेडिओवर काय सुरू आहे ते लिहा.

फर्माईशकाका
हे म्हणजे फर्माईशच झाली.

रोटेशनराव
नाही काका. फर्माईशमध्ये ज्याला हौस आहे तो लिहितो. इथे ज्याने कधी पत्र लिहिलं नाही त्यालाही विचारायचं.

फर्माईशकाका
पत्र लिहिणाऱ्यांनीच रेडिओ जगवला आहे, हे विसरू नका. संध्याकाळी एक तास तरी ठेवा.

डिजिटल_दर्यापूर
ऑगस्ट २०२४ मधे केंद्रानं २३४ नवीन शहरांत ७३० चॅनलच्या लिलावाले मंजुरी दिली आहे. उद्या तुमच्या आजूबाजूच्या गावात दुसरं स्टेशन आलं तं आत्ता एकटे असाल तो फायदा जाईन. जे करायचं थे आत्ताच करा.

पऱ्हाटीवाला
हे वरच्यांना सांगतोच. मिटिंगमधे तीन कागद नेतो: ७२ अन् ८ चा हिशोब, साडेबारा दिवसांचा हिशोब, अन् ११-२५०-५०० ची मांडणी. ११ चं तं मी आज रात्रीच लावून पाहतो, त्याले कोणाची परवानगी लागत नाही. फक्त एक राहिलं. सकाळी ६ ते ७ आमच्याकडे भक्तिगीतं असतात, त्या तासात नवीन गाणी लागतच नाहीत. मग जागा ७२ नाही, ६८ होतात ना?

रोटेशनराव
६८. हे आधी सांगायला हवं होतं. जुन्यांचा हिशोबही मग १८ नाही, १७ तासांवर करा. मग आठवर चक्र चार गाण्यांनी सरकतं, म्हणजे एक दिवसाआड तंतोतंत तेच. बाईंना रोजचं वाटतं ते डब्याच्या वेळी एक दिवसाआड तेच लागतं म्हणून असेल. पण ११ तिथेही चालेल, ६८ ला ११ ने भाग जात नाही, दोन उरतात. भक्तिगीतांचं मात्र वेगळं तपासा, त्या तासात किती गाणी आहेत?

पऱ्हाटीवाला
चाळीस. रोज दहा लागतात.

टेलर_मास्तर_आर्वी
म्हणजे दर चार दिवसांनी तेच. तिथं राष्ट्रसंतांची भजनं वाढवा भाऊ, झाडीपट्टीवाल्या दादाचंही काम होईन.

सोयाबीन_मंगरूळ
वेगळा धागा काढला आहे, कम्युनिटी रेडिओचा खर्च. काळीपिवळी भाऊ तिकडे याल का?