मदत हवी आहे : सोलापूरच्या पोराला आइस हॉकी खेळायची आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही विजापूर रोडला राहतो. माझा पुतण्या 13 वर्षांचा आहे. इनलाइन स्केट्सवर (एका रांगेत चाकं असलेले बूट) हातात स्टिक घेऊन असा सुरेख वळतो की बघत राहावं. आता त्याला बर्फावरच खेळायचंय आणि घरचे सगळे त्याच्या पाठीशी आहेत.

अडचण थांबण्याची आहे. बर्फावर स्केट्सची दोन्ही पाती झटकन आडवी करून, बर्फ खरवडत थांबतात. शहाबादी फरशीवर चाकांनी ही सवय लागणार कशी? शिवाय कॅनडात ओएचएल (ऑन्टारियो हॉकी लीग) सारख्या ज्युनिअर लीग 15-16 व्या वर्षीच मुलं निवडतात. तिथवर आमची उडी नाही, पण शिकायचं वय हेच, म्हणून जीव वरखाली होतो.

लडाखला नैसर्गिक बर्फ फक्त थंडीत, तेव्हा याची शाळा. डेहराडूनचं हिमाद्री हे कृत्रिम बर्फाचं रिंक 2025 मध्ये पुन्हा सुरू झालंय, त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे पाठवावं असं वाटतं. त्याच वर्षी आपल्या मुलींनी आइस हॉकीच्या महिला आशिया चषकात कांस्य जिंकलं, तेव्हापासून तर पोरगं पेटलंय!

कुणी आपलं मूल तिथे सरावाला ठेवलंय का? राहण्याची सोय, खर्च कसा? महाराष्ट्राच्या संघाची निवड चाचणी कुठे होते? आणि वाढत्या पायाला स्केट्स नवे घ्यावेत की जुने? अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर सांगा. फोनवर बोलायचं असेल तर मेसेज करा, मी लगेच फोन करतो.