राइट नाही तिथे पिंक फ्लॉईड नाही

काळीपांढरीपट्टी
पिंक फ्लॉईड या ब्रिटिश रॉक बँडचा विषय निघाला की दोन तट ठरलेले: बेसवादक-गीतकार रॉजर वॉटर्सवाले आणि गिटारवादक डेव्हिड गिल्मरवाले. मध्येच कुणीतरी पहिल्या गायक-गिटारवादकाचं, सिड बॅरेटचं नाव काढतं, सगळे हळहळतात आणि पुन्हा तेच भांडण सुरू होतं. कीबोर्डवादक रिचर्ड राइटचं नाव मात्र कुणाच्या तोंडी येत नाही. मला विचाराल तर बँड कधी होता आणि कधी नव्हता हे त्याच्यावरूनच ठरवावं.

१९६५ ला लंडनमध्ये ही मंडळी एकत्र आली. वॉटर्स, ड्रमर निक मेसन आणि राइट रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये आर्किटेक्चर शिकत होते. केंब्रिजच्या सिडने गाणी आणली आणि नावही त्याचंच. पिंक अँडरसन आणि फ्लॉइड कौन्सिल या दोन ब्लूज गायकांची नावं त्याने जोडली. १९६७ चा पहिला अल्बम हेडफोन लावून ऐका. सिडची गिटार कुठल्या कुठे भरकटते, पण खाली राइटचा फारफिसा ऑर्गन घर धरून बसलेला असतो.

१९७१ च्या 'एकोज' या गाण्याची तेवीस मिनिटं पियानोच्या एकाच सुराने उघडतात. तो सूर लेस्ली स्पीकरमधून, म्हणजे आतला भोंगा गरगर फिरणाऱ्या स्पीकरमधून काढलाय. पाण्यात थेंब पडावा तसा. तो राइटचा. 'अस अँड देम' मुळात त्याने अँतोनिओनीच्या 'झब्रिस्की पॉइंट' सिनेमासाठी केलेला पियानोचा तुकडा. तिथे नाकारला गेला आणि पुढे १९७३ च्या 'डार्क साइड ऑफ द मून'मध्ये आला. त्याच अल्बमच्या 'ब्रीद'मधला एक कॉर्ड जॅझवाल्या माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'वरून घेतल्याचं त्याने स्वतःच सांगितलंय. राइट हा माणूस जॅझचा. रॉकवाले थेट घरी परतले असते अशा जागी तो एक वळण घेऊन यायचा.

'द वॉल'चं रेकॉर्डिंग चालू असताना वॉटर्सने त्याला बाहेर काढायला लावलं. पुढच्या प्रयोगांत तो पगारी वादक होता. १९८३ च्या 'द फायनल कट'मध्ये तो नाहीच, आणि अल्बमवरच लिहिलंय की कृती वॉटर्सची, सादरकर्ते पिंक फ्लॉईड. मी तो वॉटर्सचा एकल अल्बम धरतो. १९८७ चा गिल्मरचाच म्हणा, कारण राइट परतला तोही पुन्हा पगारी. १९९४ च्या 'द डिव्हिजन बेल'मध्ये तो पुन्हा सभासद म्हणून आला, 'डार्क साइड'नंतर पहिल्यांदा एक गाणं मुख्य आवाजात गायला, आणि बँड परत आला.

खर्ज
मनापासून असहमत. आवाजाचा पोत म्हणजे बँड नव्हे. 'डार्क साइड'चे सगळे शब्द वॉटर्सचे आहेत. पैसा, वेळ, वेड, मरण हे विषय एका सूत्रात ओवले ते त्याने. त्याचे वडील १९४४ मध्ये आन्झिओच्या लढाईत मारले गेले, तेव्हा तो काही महिन्यांचा होता. 'द वॉल' आणि 'द फायनल कट' त्या जखमेतून आलेत. ज्या अल्बमवर बापाच्या मरणाची अशी सावली आहे त्याला तुम्ही ऑर्गन नाही म्हणून यादीतून काढता?

आणि १९७७ च्या 'ॲनिमल्स'चं काय? त्यात राइटची एकही रचना नाही. मग तोही बाद?

२००७ मध्ये मुंबईत एमएमआरडीए मैदानावर वॉटर्सने अख्खा 'डार्क साइड' वाजवला. मी तिथे होतो. राइट नव्हता, गिल्मर नव्हता, मेसन नव्हता. 'ब्रेन डॅमेज' सुरू झालं तेव्हा माझ्या शेजारचा पन्नाशीचा गृहस्थ ढसाढसा रडत होता. ते रडणं खोटं नव्हतं.

काळीपांढरीपट्टी
खर्ज, रडणं खरंच. पण त्या दौऱ्यात कीबोर्डवर जॉन कॅरिन होता आणि तो राइटनेच बसवलेल्या जागा वाजवत होता. 'ॲनिमल्स'मध्ये रचना नसेल, पण 'शीप'च्या सुरुवातीचा तो इलेक्ट्रिक पियानो काढून दाखवा, मग बोलू. वॉटर्सचे शब्द मी कमी लेखत नाही. चांगले शब्द त्याने एकट्यानेही लिहिले. तो हवेतला ओलावा मात्र त्याला एकट्याला कधी जमला नाही.

अर्धीखिडकी
तुम्ही दोघेही १९६८ वरून उडी मारून पुढे गेलात. बँड तिथेच संपला होता.

जानेवारीत गिल्मरला घेतलं, काही कार्यक्रम पाच जणांनी केले. मग साउदम्प्टनला जाताना गाडीत कुणीतरी विचारलं, सिडला घ्यायचं का? नको, असं ठरलं. बस. ज्याने नाव दिलं, 'आर्नोल्ड लेन' आणि 'सी एमिली प्ले' ही गाणी दिली, त्याला कुणी सांगितलंसुद्धा नाही. एलएसडीच्या नशेने आणि मनाच्या आजाराने तो कोसळत होता हे मान्य. त्याच्याबरोबर काम करणं अशक्य झालं होतं हेही मान्य. पण मॅनेजर पीटर जेनर आणि अँड्र्यू किंग यांनी बँड सोडून सिडची बाजू धरली, हे विसरू नका.

आणि काळीपांढरीपट्टी, तुमचा राइट तेव्हा सिडबरोबर एकाच घरात राहत होता. सिगारेट आणायला जातो असं सांगून कार्यक्रमाला जायचो, हे त्यानेच नंतर सांगितलंय. ज्याच्यावरून तुम्ही बँड मोजता, तो माणूस असा घराबाहेर पडला होता.

काळीपांढरीपट्टी
हे वाचून थांबलो. याला माझ्याकडे उत्तर नाही. इतकंच सांगतो, की १९७० मध्ये सिडच्या दुसऱ्या अल्बमची निर्मिती गिल्मर आणि राइटने केली. आणि १९७५ च्या 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'चा शेवटचा भाग राइटचा आहे. तो मावळता मावळता कीबोर्डवर 'सी एमिली प्ले'ची ओळ हळूच वाजते. हे गाणं असलेल्या अल्बमच्या दिवसांत, ५ जूनला, सिड ॲबी रोड स्टुडिओत येऊन उभा राहिला होता. डोकं आणि भुवया सफाचट. आधी कुणी ओळखलंच नाही.

निवांतठेका
प्रत्येक अल्बमवर असलेला एकच माणूस म्हणजे निक मेसन. त्याच्यासाठी कुणी धागा काढत नाही. २०१८ पासून तो बँडच्या सुरुवातीच्या काळातली गाणी स्वतःच्या वेगळ्या बँडबरोबर वाजवतोय. पिंक फ्लॉईड हे नाव न लावता.

सातवीफ्रेट
मी गिल्मरवाला, तरी इथे काळीपांढरीपट्टी यांच्या बाजूने. १९८७ च्या अल्बमवर ड्रम्सला जिम केल्टनर, कार्माइन अपीस असे बाहेरचे लोक होते. २०१९ मध्ये तोच अल्बम नव्याने मिक्स केला, तेव्हा मेसनने ड्रम्स पुन्हा वाजवले आणि राइटचे कीबोर्ड वाढवले. म्हणजे काय कमी पडलं होतं ते गिल्मरलाही कळत होतं. २०१४ चा 'द एंडलेस रिव्हर' तर १९९३ च्या सत्रांत राइटने वाजवून ठेवलेल्या तुकड्यांवरच उभा आहे.

खर्ज
मग २०२२ च्या 'हे, हे, राइझ अप!'चं काय? राइट जाऊन चौदा वर्षं होत आली होती. त्या गाण्यावर नाव पिंक फ्लॉईडच छापलं. इथे तुमचा नियम काय सांगतो?

काळीपांढरीपट्टी
गाणं युक्रेनसाठी होतं, मिळकत तिकडच्या मदतीला दिली, त्याबद्दल आदर आहे. पण कीबोर्डवर नितीन सॉनी होता. माझ्या लेखी तो पिंक फ्लॉईड नव्हे. शेवटचे ते चौघे एकत्र उभे राहिले २ जुलै २००५ ला, लंडनच्या हाइड पार्कमध्ये, 'लाइव्ह एट' या कार्यक्रमाला. वॉटर्सने तिथे सिडचं नाव घेतलं. राइट नेहमीसारखाच कडेला, कीबोर्डमागे होता.

अर्धीखिडकी
आणि सिड तेव्हा केंब्रिजमध्ये होता. जिवंत होता. अजून एक वर्ष.