ओळखीच्या गिऱ्हाइकाकडे पण ॲसिडसाठी आधार मागायचं का?

नवीन_दुकानदार: बाबांच्या हार्डवेअरच्या दुकानात मी आत्ताच बसायला लागलोय. काल शेजारच्या काकू फरशीवरचे सिमेंटचे डाग काढायला ॲसिडची बाटली मागायला आल्या, मी आधार मागितलं तर "लहानपणापासून बघतेय तुला, आता माझाच पुरावा मागतोस?" म्हणत रागावून निघून गेल्या. बाबा म्हणतात ओळखीच्याला कशाला विचारायचं. नियम नक्की काय आहे?

वकिलीण: मागायचंच. विषारी पदार्थांच्या विक्रीचे नियम करायचा अधिकार राज्य सरकारांना 1919 च्या विष अधिनियमातच दिलाय, पण ॲसिडचं खरं पाऊल पडलं 18 जुलै 2013 ला, सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने. ॲसिड हल्ला झालेल्या लक्ष्मी अग्रवालने 2006 मध्ये याचिका केली होती, म्हणजे सात वर्षं गेली बघा. विकताना घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि किती दिलं ते रजिस्टरला हवं, सरकारी फोटो ओळखपत्र बघायचं, कशासाठी हवंय ते विचारायचं, 18 च्या आतल्याला द्यायचंच नाही. दुकानातला साठा प्रांतांकडे (म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे) जाहीर करायचा, लपवला तर जप्ती आणि 50,000 पर्यंत दंड. ओळखीच्याला सूट कुठेच नाही. आणि खरं सांगू का, ॲसिड फेकणारा बऱ्याचदा कुणाच्या तरी ओळखीचाच असतो, त्यामुळे 'ओळखीचा आहे' हे कारण मला अजिबात पटत नाही.

लॅबवाला: आमच्या कॉलेजच्या लॅबला पण रजिस्टर सक्तीचं आहे, तोच आदेश. कपाटाची चावी एकाच माणसाकडे, जबाबदारी त्याची. तुम्ही 'कारण'च्या रकान्यात नुसतं 'घरगुती' लिहू नका, 'सिमेंटचे डाग' असं स्पष्ट लिहा, आणि संध्याकाळी उरलेल्या बाटल्या मोजून रजिस्टरशी ताळा घाला, एक बाटली जरी कमी आली तरी त्याच दिवशी कळतं.

दोन_मुलांची_आई: एक विनंती, सुटं काढून कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीच देऊ नका!! आमच्याकडे तशीच आणलेली बाटली मोरीत ठेवली होती, धाकट्याने झाकण उघडून तोंडाला लावणार तेवढ्यात मोठीने ओढली, आजही आठवलं की हात कापतात.

नवीन_दुकानदार: बाबांना हे सगळं वाचून दाखवलं, सुटं देणं आजपासून बंद, नवीन वहीवर रकाने आखलेत. काकूंकडे संध्याकाळी मीच जाऊन येतो, वही घेऊनच.