दादाचा हात मनगटातून लुळा पडलाय. न्यूरो की ऑर्थो? परळच्या आसपास सुचवा

चाळकरी:
परवा गणपतीच्या जागरणात पत्ते कुटून दादा मांडवातल्या प्लास्टिकच्या खुर्चीतच झोपला, उजवा हात खुर्चीच्या पाठीवरून मागे लोंबकळत. पहाटे बघतो तर मनगट खाली पडलेलं, बोटं सरळ होईनात. कटिंगचा ग्लासही धरता येत नाही. शेजारच्या काकू म्हणतात वारं गेलं, तेल चोळा. फॅमिली डॉक्टरांनी बी-१२चं इंजेक्शन दिलं. आता कुठे दाखवू?

फिजिओ_वडाळा:
आधी सांगा, तोंड वाकडं, बोलणं जड, पायात अशक्तपणा, यातलं काही आहे का? असेल तर इथे वाचत बसू नका, थेट इमर्जन्सीत न्या.
नसेल तर हे रेडियल नसेचं वाटतंय. ती दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून खाली येते आणि खुर्चीची कड नेमकी तिथेच रुतते. तीन गोष्टी बघा: कोपर जोर लावून सरळ होतं का? हाताच्या मागच्या बाजूला, अंगठा-तर्जनीच्या बेचक्यात बधिर आहे का? आणि मनगट खालून उचलून धरलं की मूठ घट्ट वळते का?

चाळकरी:
ताई, तोंड-बोलणं-पाय ठीक. कोपर दणकून सरळ होतं, बेचक्यात बधिर आहे. आणि मनगट धरल्यावर मूठ अशी आवळली की दादाच चकित!

फिजिओ_वडाळा:
मग पकडीचे स्नायू शाबूत आहेत, फक्त मनगट पडल्याने त्यांना ताण मिळत नाही. पडून-आपटून झालं असतं तर आधी ऑर्थो आणि एक्स-रे सांगितला असता. इथे न्यूरो. केईएम जवळ आहे, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा.

सव्वाआठची_लोकल:
मलाही झालं होतं, हात पूर्ववत व्हायला दोन महिने लागले. मी घाईने चौथ्याच दिवशी ईएमजी केली आणि पैसे पाण्यात. स्नायूत सुई घालून करतात ती तपासणी दोन-तीन आठवड्यांआधी नीट काही सांगत नाही. त्यापेक्षा कॉक-अप स्प्लिंट (मनगट वर उचलून धरणारा आधार) आधी घ्या. हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेत बनवून देतात. तेल लावा हवं तर, पण दंड रगडू नका.

करंगळी_त्रस्त:
धागा पळवतेय, माफी! विरार-चर्चगेट फोन कानाला लावून उभी असते. करंगळी आणि शेजारच्या अर्ध्या बोटाला मुंग्या येतात. हेच का?

फिजिओ_वडाळा:
नाही, ती अलनर. कोपर आपटलं की झिणझिण्या येतात ना, तीच. कोपर वाकवून तासभर धरणं बंद करा. अंगठा आणि तर्जनीत कागद पकडून कुणाला तरी ओढायला सांगा. धरून ठेवताना अंगठ्याचं टोक वाकत असेल तर स्नायू कमजोर झालाय, डॉक्टरांना दाखवा. अंगावर फिकट बधिर चट्टा असेल किंवा कोपरामागे नस दोरीसारखी जाड लागत असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करा. लाजू नका, औषध मोफत मिळतं. वडाळ्याचं ॲकवर्थ रुग्णालय त्यासाठीच आहे.

चाळकरी:
उद्या केईएम. स्प्लिंट रात्रीही ठेवायचा का? आणि दादा विसर्जनाला ताशा वाजवणार होता...

फिजिओ_वडाळा:
रात्रीही, झोपेत मनगट लटकतंच. दिवसा मधूनमधून काढून दुसऱ्या हाताने मनगट आणि बोटं सरळ करत राहायला सांगा, नाहीतर आखडतील. ताशा यंदा दुसऱ्याला द्या.

चाळकरी:
हे त्याला तुम्हीच सांगा ताई.